चित्रपट मुबलक, सांगणारे विरळ

पालघर स्थानकातून सातपाटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे शिरगाव हे काही चित्रपटासाठी नावाजलेले गाव नव्हे. त्याची ख्याती आहे ती समुद्रकिनाऱ्याची, आणि १७३९ साली, वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत, मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातून घेतलेल्या किल्ल्याची. तरीसुद्धा घरी बसून चित्रपट कोणते पाहावेत, ते मिळवावेत कोठून आणि कोणाच्या शब्दावर विसंबून, या प्रश्नाचा साकल्याने आढावा घ्यावयाचा झाल्यास प्रारंभ मुंबई-पुण्यापासून न करता अशाच गावापासून करणे मला अधिक सयुक्तिक वाटते. कारण मुंबई-पुण्याच्या रसिकाला चित्रगृहे, महोत्सव, फिल्म सोसायट्या आणि जाणकारांचा सहवास हे सारे हाताशी होते, उलट या किनारपट्टीवर चित्रपट जेव्हा जेव्हा आला तेव्हा तो कोणीतरी आणला म्हणून आला, आणि आणणाराच बहुधा निवडणाराही असे. आणणाऱ्याची गरज आता उरलेली नाही. निवडणाऱ्याची गरज मात्र पूर्वीपेक्षा वाढली आहे, आणि नेमका तोच माणूस या स्थित्यंतरात गळून पडला, असे माझे मत आहे.

दूरचित्रवाणीपूर्व काळात चित्रपट घरी पाहण्याची कल्पनाच नव्हती. घराच्या जवळात जवळ पाहणे म्हणजे अंगणात पाहणे. गणेशोत्सवात किंवा सत्यनारायणाच्या पूजेच्या रात्री दोन बांबूंमध्ये ताणलेल्या पांढऱ्या कापडावर सोळा मिलिमीटरच्या यंत्राने चित्रपट दाखविला जाई, आणि पडद्यापुढची जागा भरली की उरलेली मंडळी पडद्यामागे बसत. तेथून चित्र जवळजवळ तितकेच स्पष्ट दिसे, फक्त नामावलीतील अक्षरे उलटी उमटत आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवी. कोणता चित्रपट आणावयाचा हा निर्णय मंडळाचा खजिनदार आणि यंत्रवाला या दोघांत, बहुतेक वेळा भाड्याच्या हिशेबावर, होत असे. निवड अर्थातच संकुचित. पण तिच्यात एक गुण होता: साऱ्या आळीने एकच चित्रपट एकाच रात्री पाहिलेला असे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्याची जी उलटतपासणी चाले तिच्यात सर्वांनाच साक्ष देता येई.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ज्याच्या घरी संच आला त्याच्या घरी शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपटासाठी शेजार जमू लागला, आणि निवडीचा अधिकार खजिनदाराच्या हातून मुंबईतील एका सरकारी कचेरीकडे गेला. या सरकारी निवडीची टवाळी पुष्कळ झाली आहे, आणि ती काही अंशी रास्तही होती. तथापि एका गोष्टीचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय प्रक्षेपणावर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविले जात. जेवून पाय पसरलेल्या ज्या माणसाने आपण होऊन कधीही सत्यजित राय, अदूर गोपालकृष्णन किंवा गिरीश कासारवल्ली यांच्या वाटेला जाण्याचा विचार केला नसता, त्याच्यापुढे दुसरी वाहिनी नसल्यामुळे बंगाली, मल्याळम आणि कन्नड चित्रपट येऊन उभे राहिले. पाहणाऱ्यांतील निम्मी मंडळी झोपी गेली असतील. उरलेल्या निम्म्यांना जे मिळाले ते आजच्या शेकडो वाहिन्या एकत्र येऊनही देऊ शकलेल्या नाहीत, कारण नको असलेली गोष्ट समोर येण्याची शक्यताच त्यांनी नाहीशी केली आहे.

त्यानंतरचा व्हिडिओ कॅसेटचा काळ आमच्या पिढीला विशेष आठवतो. पालघर-बोईसरच्या बाजारपेठेत व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. वर्गणी काढून व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणावयाचा आणि भाडे वसूल व्हावे म्हणून तीन कॅसेटी पहाटेपर्यंत पाहून संपवावयाच्या, अशी वहिवाट होती. या लायब्ररीच्या गल्ल्यावर बसणारा इसम हा माझ्या मते आपल्या चित्रपटसंस्कृतीतील एक उपेक्षित पुरुष होय. कोणत्या घरात म्हातारी आहे, कोणत्या घरात मारधाड चालत नाही, कोणाला राजेश खन्ना आवडतो आणि कोणी सामना हा चित्रपट दोनदा नेला आहे, याची नोंद त्याच्या डोक्यात पक्की असे, आणि तुम्ही मागितलेली कॅसेट बाहेर गेलेली असली तर तो रिकाम्या हाताने परत न पाठविता आपल्या जबाबदारीवर दुसरी पुढे करी. ती रद्दी निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याला ऐकून घ्यावे लागे. या एका धाकामुळे त्याची शिफारस प्रामाणिक राहत असे. त्याच्या कपाटातील कॅसेटी बहुधा चोरट्या होत्या हे खरे, आणि त्या मामल्यापायीच १९८४ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक करण्यात आली.

पुढील टप्पे झपाट्याने आले आणि गेले, म्हणून तेही झपाट्यानेच सांगतो. केबलवाल्याने आपल्या खासगी वाहिनीवर रोज दुपारी-रात्री चित्रपट लावले. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास तीस-पस्तीस रुपयांत तबकड्या विकावयास काढल्या, तेव्हा जुने मराठी चित्रपट प्रथमच किराणा दुकानाच्या दारात लटकलेले दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केवळ मराठी चित्रपटांसाठी झी टॉकीज ही वाहिनी सुरू झाली. मग मोबाईल. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा या प्रांतांतून आलेला कामगार दहा बाय दहाच्या खोलीत चौघांसह राहतो. त्याच्यासाठी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा जोरात चालला, आणि पाळीवरून आलेला मनुष्य भोजपुरी किंवा ओडिया चित्रपट उशाशी घेऊन झोपू लागला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि कार्ड भरणारेही मागे पडले. आता डहाणू लोकलच्या डब्यात उभ्याने पाहणारे आहेत, आणि समुद्रावर रेंज मिळत नाही म्हणून निघण्यापूर्वी चार चित्रपट उतरवून घेऊन जाणारे खलाशीही आहेत.

आज नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, झी फाइव्ह, केवळ मराठीसाठी निघालेली प्लॅनेट मराठी आणि अल्ट्रा झकास, शिवाय प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेले वेव्हज, आणि या सर्वांहून विशाल असे यूट्यूब, इतकी दालने उघडी आहेत. आणि तरीही रात्री जेवणानंतर घरातील चार माणसे पडद्यापुढे बसतात, अर्धा तास नुसती चित्रे सरकवितात, आणि शेवटी अशी ही बनवाबनवी लावतात. १९८८ चा तो चित्रपट उत्तमच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या अर्ध्या तासाबद्दल. या दालनांत तुम्ही काल काय पाहिले ते लक्षात ठेवून शिफारस करणारे यंत्र असते. सातपाटीच्या बाजारातील कोळीणही तुम्ही काल काय नेले ते लक्षात ठेवते, पण प्रसंगी पापलेट झाकून ठेवून ती सांगते की आज हे नेऊ नका, बोंबील न्या. यंत्र आज हे नेऊ नका असे कधीच म्हणत नाही. आणि त्याला रद्दी दिल्याबद्दल दुसऱ्या दिवशी चार शब्द ऐकवावे म्हटले तर ते कोठे जाऊन ऐकवावयाचे, याचा पत्ता नाही.

यातच दुसरी अडचण मालकीची. कॅसेट असो वा तबकडी, ती एकदा घरात आली की घराची झाली आणि शेजाऱ्याला उसनी देता आली. वर्गणी भरून मिळते ती केवळ पाहण्याची मुभा, तीही त्या कंपनीकडे त्या चित्रपटाचा मक्ता असेल तोवरच. मुदत संपली की कालपर्यंत दिसणारा चित्रपट आज यादीतून नाहीसा होतो, त्याची नोटीसही बहुधा कोणी वाचलेली नसते. एका घराची वर्गणी चार घरांत फिरविण्याची जी सोय लोकांनी शोधून काढली होती, तीही नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात आवळली. कंपनीच्या दृष्टीने ते न्याय्य असेल. परंतु उसनवार ही आपल्या गावांतील ज्ञानप्रसाराची जुनी रीत आहे, आणि चित्रपटाच्या बाबतीत ती आता कायद्याने आणि यंत्राने, दोहोंनी बंद केली आहे.

अभिजात चित्रपटांच्या बाबतीत तर प्रश्न निवडीच्याही आधीचा, म्हणजे अस्तित्वाचा आहे. बाबूराव पेंटरांच्या सावकारी पाश या १९२५ च्या मूकपटाची आपण पुस्तकांतून वाखाणणी वाचतो, पण तो पाहता येत नाही. आलम आरा या १९३१ च्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आज अपुरा मिळतो. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ती चटकन पेट घेई, आणि जी पेट घेत नसे ती तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी भंगारवाल्याकडे जाई. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी अक्षरशः दारोदार हिंडून जे गोळा केले, त्यामुळेच फाळक्यांच्या कालियामर्दनासारखी चीज आपल्याला ठाऊक आहे. त्याच पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेत, जानेवारी २००३ मध्ये आग लागून नायट्रेटच्या जुन्या फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. नायरांवरील शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा सेल्युलॉइड मॅन हा २०१२ चा माहितीपट ज्यांना मिळेल त्यांनी प्रथम पाहावा, असे मी सुचवीन. जुने चित्रपट का पाहावेत या प्रश्नाचे उत्तर त्यात एकही व्याख्यान न देता मिळते.

कायद्याची बाजू बहुतेक रसिकांना ठाऊक नसते, म्हणून ती येथे स्पष्ट करतो. आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क त्याच्या प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे संत तुकाराम (१९३६), कुंकू (१९३७), माणूस (१९३९), शेजारी (१९४१), आचार्य अत्र्यांचा श्यामची आई (१९५३), पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चाललेला अनंत माने यांचा सांगत्ये ऐका (१९५९), हे सारे चित्रपट या नात्याने आता सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्यातील गीत-कथांचे हक्क क्वचित निराळे असू शकतात, त्याची खातरजमा करावी. पण हक्क मोकळा होणे आणि प्रत मोकळी होणे या भिन्न बाबी आहेत. चांगली प्रत ज्याच्या ताब्यात असते तो ती देण्यास बांधलेला नाही, आणि म्हणून जनतेच्या वाट्याला येते ती दूरचित्रवाणीवरून कोणीतरी उतरविलेली, कडा कापलेली, कोपऱ्यात कोणाचे तरी बोधचिन्ह मिरविणारी आणि मधूनच आवाज बुडणारी प्रत. अशी प्रत पाहून नव्या पिढीने जुने चित्रपट कंटाळवाणे असतात असा निकाल दिला, तर दोष त्या पिढीला देता येणार नाही.

कुंकूचेच उदाहरण घ्या. व्ही. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेलेच नाही. वृद्ध काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा (शांता आपटे) ज्या घरात येते, त्या घरातले आवाज तेवढे आपल्याला ऐकू येतात: भिंतीवरचे घड्याळ, भांडी, पावले, गाणे आले तरी ते ग्रामोफोनच्या तबकडीतून किंवा रस्त्यावरून आलेले. केशवराव दात्यांचे काकासाहेब आरशापुढे उभे राहून आपले वय लपवू पाहतात तेव्हा त्यांना फटकारण्यासाठी दिग्दर्शकाला एकही वाद्य लागत नाही, घड्याळ पुरते. आता हाच चित्रपट स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या चालू असताना, पंख्याखाली, मोबाईलच्या बारीक छिद्रातून येणाऱ्या आवाजावर पाहिला तर काय शिल्लक राहील? कथा शिल्लक राहील, आणि कथा काय, ती ना. ह. आपट्यांच्या मूळ कादंबरीतही होतीच. घरी चित्रपट पाहणाऱ्याने पडदा मोठा घेण्याच्या आधी घर शांत करावे, आणि ते शक्य नसेल तर निदान कानाला हेडफोन लावावा.

संत तुकाराम मात्र अशा कोणत्याही हालअपेष्टांतून तरून जातो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला ही गोष्ट सर्वांना सांगण्यात येते, आणि त्यामुळे तो पाहण्याआधीच पाठ्यपुस्तकासारखा जड वाटू लागतो. वस्तुतः त्यातील जिजाई (गौरी) पडद्यावर आली की हा भार उडून जातो: पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा नामस्मरणात, तेव्हा ही बाई पायातली वहाण हातात घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारावयास निघते. भक्तिपटात भक्तीवर इतका रोखठोक फिर्यादी अर्ज दुसऱ्या कोणत्या चित्रपटाने दाखल करून घेतला असेल, याची मला शंका आहे. ज्याला जुन्या मराठी चित्रपटाची सुरुवात कोठून करावी असा प्रश्न पडतो, त्याला मी व्हेनिसचे नाव न घेता हा एक प्रसंग सांगतो, आणि तेवढे बहुधा पुरते.

नव्या चित्रपटांविषयी विस्तार कमी करतो, कारण त्यांची वार्ता या ना त्या मार्गाने पोहोचतेच. श्वास (२००४) पासून मराठी चित्रपटाला जे नवे वळण लागले त्यात फँड्री, कोर्ट, सैराट, द डिसायपल अशी नावे ठळक आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्टमध्ये कॅमेरा दूर एका जागी स्थिर उभा राहतो आणि कनिष्ठ न्यायालयाच्या दालनातील सारा कंटाळा आपल्यासमोर मांडतो. चित्रगृहात तो कंटाळा भोगण्यावाचून गत्यंतर नसते आणि म्हणूनच तो भिनतो, घरी मात्र हात रिमोटकडे जातो. म्हणून हा चित्रपट घरी पाहणाऱ्याने एकसलग पाहण्याचा संकल्प करूनच बसावे. उलट अविनाश अरुण यांचा किल्ला (२०१४), ज्याला बर्लिनमध्ये बालपरीक्षकांचा क्रिस्टल बेअर मिळाला, तो मुलांसह घरी पाहण्यास अत्यंत योग्य. बदलीच्या नोकरीतील आईबरोबर कोकणात आलेला मुलगा, सायकली, पाऊस आणि समुद्रकाठचा किल्ला. शिरगावच्या मुलाला स्वतःचाच किल्ला असल्यामुळे त्याला यातील अर्ध्या गोष्टी समजावून द्याव्या लागणार नाहीत. रोहन कानवडे यांच्या साबर बोंडं या चित्रपटाला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दोन पुरुषांमधील प्रेमाची ही गावाकडची कथा बैठकीच्या खोलीत वडीलधाऱ्यांसमवेत लावावी की नाही याचा विचार ज्याने त्याने करावा, पण संकोचामुळे तो पाहावयाचाच राहून गेला तर नुकसान पाहणाऱ्याचे आहे.

मग सांगणारे शोधावयाचे कोठे? मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून, पुण्याचा आशय फिल्म क्लब १९८५ पासून, हे काम करीत आले आहेत; मंडळाच्या वास्तव रूपवाणीचे जुने अंक, अरुण खोपकरांचे गुरु दत्तवरील पुस्तक, इसाक मुजावर, अशोक राणे, विजय पाडळकर, गणेश मतकरी यांचे लेखन हे मराठी वाचकाला आजही उत्तम वाटाडे आहेत. परदेशी याद्यांना फार भिण्याचे कारण नाही. साइट अँड साउंड या ब्रिटिश नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतला. प्रथम बायसिकल थीव्ह्ज, मग पाच वेळा सिटिझन केन, मग व्हर्टिगो, आणि २०२२ मध्ये झान दिएलमन, असा हा कौल फिरत राहिला आहे. जेथे निवाडा देणारेच आपला निवाडा बदलतात, तेथे पाहणाऱ्याने हुकुमाची वाट पाहू नये. शिवाय कोणता चित्रपट कोणाला कोठे लागू पडेल याला नियम नाही: १९५० मध्ये लंडनला गेलेल्या सत्यजित रायांनी बायसिकल थीव्ह्ज पाहिला आणि पाच वर्षांनी पथेर पांचाली आला, तोच चित्रपट १९५२ च्या भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा दो बिघा जमीन पडद्यावर आला.

चोरट्या प्रतींविषयी दोन शब्द. सैराटची चोरटी प्रत मोबाईलवरून मोबाईलवर कशी फिरली हे सर्वांनी पाहिले आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपट चोरून उतरविणे आणि प्रसृत करणे यास किमान तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. नवा मराठी चित्रपट चोरून पाहणाऱ्याला मी क्षमा करणार नाही, कारण लहान भांडवलावर उभ्या राहिलेल्या निर्मात्याच्या ताटातला घास त्याने काढला. परंतु ज्या जुन्या चित्रपटाची विकत मिळणारी प्रतच कोणी काढलेली नाही, त्याची कोणीतरी जपलेली कॅसेट हा माझ्या दृष्टीने दस्तऐवज होय.

पुस्तकांसाठी आपल्या राज्याने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि त्यातून खेड्यातील वाचनालयापर्यंत अनुदानाची तजवीज झाली. चित्रपटांसाठी वर पुण्याचे संग्रहालय आहे. खाली काहीही नाही. सरकारने ही उणीव भरून काढावी, ही मागणी रास्तच आहे, तथापि तोवर थांबण्याचे कारण दिसत नाही. गावातील वाचनालयात पुस्तकांच्या नोंदवहीशेजारी चित्रपटांची एक वही ठेवावयास कोणाची मंजुरी लागत नाही. तीत चित्रपटाचे नाव, साल, दिग्दर्शक, तो कोठे पाहावयास मिळाला, प्रत कशी होती, मुलांसमवेत पाहण्याजोगा आहे काय, आणि सांगणाऱ्याची सही, इतका तपशील असावा. सहीचा आग्रह धरावा. सही असली की रद्दी सुचविणाऱ्याला वाटेत गाठून विचारता येते. हक्क सरलेला एखादा जुना चित्रपट महिन्यातून एकदा वाचनालयात एकत्र बसूनही पाहता येईल.

या किनाऱ्याला त्यासाठी सोयीचा हंगामही आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणता-विणता माणसे घरी असतात आणि बाहेर पाऊस असतो. सातपाटी-शिरगावच्या वाचनालयांच्या चिटणीसांना माझी विनंती आहे की त्यांनी मे अखेरपर्यंत अशी एक वही आखून टेबलावर ठेवावी, आणि ज्याने जे पाहिले असेल ते त्याने आपल्या अक्षरात लिहावे. पहिली नोंद संत तुकारामची झाली तरी चालेल आणि सैराटची झाली तरी चालेल.